खुर्चीतला जबाब

साक्षीदार हा न्यायाचा डोळा असतो. तो उघडा राहिला तर निरपराध माणसाला भीती नसते, आणि तो मिटला तर जगातली सगळी न्यायालयं चाचपडत बसतात. या गोष्टीतला डोळा मात्र, बाहेरगावचे दोन तपासणीस त्याला शोधत आले त्या सकाळी, आपल्याच सलूनचं शटर आतून ओढून घेऊन, फिरत्या खुर्चीच्या मागे उकिडवा बसला होता.

शटर खाली पुरतं टेकत नसे. त्या फटीतून त्याला एक बुटांचा जोड आणि एक चपलांचा जोड दिसत होता.

"बंद दिसतंय," बूट म्हणाले.

"आत रेडिओ वाजतोय, साहेब," चपला म्हणाल्या.

अण्णांनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"आता नाही वाजत," चपला म्हणाल्या.

बूट थोडा वेळ जागच्या जागी उभे राहिले. मग दोन्ही जोड शांतपणे निघून गेले. अण्णांना वाटलं, सुटलो. गुडघे धरून उठताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असणार, पण तोवर रस्ता रिकामा झाला होता.

अण्णा म्हणजे गल्लीतले सलूनवाले. पन्नाशी उलटलेली, हात हलका, जीभ त्याहून हलकी. आणि तपास होता तो समोरच्या फुटपाथवरच्या शिवणकामाच्या दुकानाचा. ते दुकान एका पहाटे जळालं. कुणाला इजा झाली नाही. जळालं ते कापड, कपाट, कापायचं टेबल, उभा आरसा, आणि गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे. एका वकिलाचा कोट एका बाहीनिशी खाक झाला. दुसरी बाही टेलरमास्तरांनी आदल्या संध्याकाळी घरी नेलेल्या पिशवीत होती म्हणून वाचली. वकिलाने ती परत मागितली.

मास्तरांनी दुकानाचा विमा उतरवलेला होता. भरपाई मिळाली तर दुकान पुन्हा उभं राहणार होतं. नाही मिळाली तर मास्तर या वयात दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात पगारावर बसणार होते, ज्याला कदाचित त्यांनीच कधीकाळी टेप धरायला शिकवलं होतं. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं आणि अण्णांना सगळ्यांत जास्त, कारण मास्तर त्यांचे जिवाभावाचे मित्र होते. जिवाभावाचे म्हणजे दिवसभर एकमेकांशी भांडणारे.

भांडण बहुतेक वेळा कातरीवरून होई. धार लावणारा आला की दोघांच्या कातरी एकाच चाकावर चढत, आणि कुणाची आधी लावायची यावर वाद रंगे.

"माझी आधी," मास्तर म्हणत. "माझं काम जबाबदारीचं आहे."

"आणि मी काय गवत कापतो?"

"गवतच की. तू काप, चुकव, वाटेल ते कर, महिन्याभरात परत उगवतं. तुला चूक म्हणजे काय ते माहीतच नाही, अण्ण्या. मी एकदा कातर चालवली की ते कापड कापलं ते कापलं."

"म्हणून तुझ्या विजारी अशा होतात होय," अण्णा म्हणत, आणि धारवाला दोघांकडे न बघता चाक फिरवत राही.

तर आगीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, अण्णा दुकानातले केस झाडून गोळा करत होते. समोर एक हातगाडी थांबली. मास्तरांनी हातगाडीवाल्याच्या मदतीने आपलं शिलाई मशीन बाहेर काढलं, गाडीवर चढवलं, त्यावर चादर टाकली आणि चारी बाजूंनी नीट खोचली. मग त्यांनी गल्लीच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं. सलूनकडे पाहिलं नाही. अण्णा हाक मारणार होते. पण माणूस इतकं मागेपुढे बघून काही करत असला की त्याला हाक मारणं जिवावर येतं. अण्णा झाडू धरून तसेच उभे राहिले आणि गाडी कोपऱ्यावरून वळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दुकान पेटलं.

मशीन कुठे गेलं, का गेलं, ते मास्तर काही बोलले नाहीत. अण्णांनीही विचारलं नाही. मनात पाल चुकचुकली, ती त्यांनी हाकलली, ती पुन्हा चुकचुकली. मित्रावर संशय घेणं वाईट हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून संशय आलाच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. ठरवलं ते एवढंच की, आपण काही पाहिलं नाही. आणि ज्याने काही पाहिलं नाही त्याने तपासणीसांना भेटायचं कशाला?

इथे अण्णांच्या धंद्याचा एक नियम सांगायला हवा. तो त्यांना त्यांच्या वडिलांनी वस्तरा हातात देण्याआधी दिला होता: खुर्चीत बसलेल्या माणसाला कधी नाही म्हणायचं नाही. यात नम्रतेचा काही संबंध नव्हता. नाही म्हटलं की गिऱ्हाईक वाद घालायला मान वळवतं, आणि मानेवर वस्तरा असताना मान वळली की पुढचं सांगायला नको. गिऱ्हाईक म्हणेल ते बरोबर. "हल्लीची पोरं ऐकत नाहीत," असं बापाने म्हटलं की अण्णा म्हणत, "अजिबात नाही." तासाभराने त्याचाच पोरगा येऊन "जुन्या माणसांना काही समजत नाही" म्हणाला की अण्णा म्हणत, "सांगून उपयोग नाही." एका सामाईक भिंतीवरून कोर्टात गेलेले दोन शेजारी पाळीपाळीने याच खुर्चीत बसत, आणि दोघेही अण्णांचा संपूर्ण पाठिंबा घेऊन घरी जात. इतक्या वर्षांत ते हाताला आणि जिभेला एकदमच वळण लागलं होतं. वस्तरा उघडला की 'नाही' हा शब्द मिटायचा.

खुर्चीबाहेर मात्र अण्णा कुणाचं काही ऐकून घेत नसत. बायको म्हणे, "घरीपण एक फिरती खुर्ची आणून ठेवा. मीही बसेन अधूनमधून."

त्या दिवशी दुपारी अण्णा जेवायला घरी आले ते मागच्या दाराने. बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, "पुढचं दार काय झालं?"

"काही नाही. असंच."

"दोघे येऊन गेले. एक टकलू आणि एक कुरळ्या केसांचा. विम्याचे म्हणाले. टकलूची तब्येत बरी नसावी. लॉजचं तेलकट खाऊन पोट बिघडलंय म्हणत होता. पाणी दिलं."

"काय सांगितलंस?"

"तुम्ही दुकानात आहात म्हणून सांगितलं. ते म्हणाले, दुकान बंद आहे. मी म्हटलं, मग लपले असतील."

अण्णांचा घास हातातच राहिला. "असं म्हणालीस?"

"मग काय म्हणू? परगावी गेलेत म्हणू? आणि तुम्ही मागच्या दाराने आत येणार." तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "अहो, तुम्ही सांगितलंत तेव्हापासून मी म्हणतेय, मास्तरभावजींना एकदा सरळ विचारा ना. मशीन कुठे नेलंत, कशाला नेलंत. दोन शब्दांचं काम."

"कसं विचारू? विचारलं म्हणजे संशय घेतला असं होईल."

"आणि न विचारता घेताय ते काय आहे मग?"

अण्णांनी तांब्या तोंडाला लावला. ते लवकर जेवून उठले आणि मागच्याच दाराने गेले.

संध्याकाळी बूट आणि चपलांनी त्यांना औषधाच्या दुकानापाशी गाठलंच. पण रस्त्यावर अण्णा पक्के होते. "समोरच्या दुकानाबद्दल विचारायचं होतं," असं टक्कलवाल्याने म्हटल्याबरोबर अण्णा म्हणाले, "मी काही पाहिलं नाही." "अजून काही विचारलं नाही हो," कुरळे केस म्हणाले. "तरीपण नाही पाहिलं," अण्णा म्हणाले आणि खोकल्याची बाटली न घेताच चालू पडले. टक्कलवाल्याने त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग कोपऱ्यावरून दिसणाऱ्या सलूनच्या पाटीकडे पाहिलं, आणि आपल्या गालावरून हात फिरवला. हे अण्णांना दिसलं नाही.

दुकान जळाल्यापासून मास्तर दिवसाचा बराच वेळ सलूनच्या बाकावर काढत. त्यांची कातर जुन्या फडक्यात गुंडाळून मांडीवर असे. जळक्या दुकानाच्या दाराकडे बघत ते गिऱ्हाइकांच्या कपड्यांना नावं ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा ते म्हणाले, "अण्ण्या, ते दोघे तुला शोधताहेत म्हणे."

"शोधू देत."

"लपतोस कशाला? खुर्चीमागे बसला होतास म्हणे काल. या वयात उकिडवा."

"कोण म्हणालं?"

"तुझी बायको. अख्खी गल्ली म्हणतेय. सांगून मोकळा हो की काय पाहिलंस ते."

"मी काय पाहिलंय? मी काही पाहिलं नाही."

मास्तर त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले, डोळे बारीक करून. हल्ली ते सगळ्यांकडेच असे बघत. अण्णांना वाटलं, हा आपल्याला जोखतोय. किती पाहिलंय याने, किती बोलेल हा. याच वेळी विचारायला हवं होतं. दुकान रिकामं होतं, रेडिओ बंद होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. असा निवांतपणा पुन्हा मिळणार नव्हता.

"मास्तर," अण्णा म्हणाले.

"काय?"

"चहा घेणार?"

"तू पाजणार असशील तर," मास्तर म्हणाले. मग उठता उठता म्हणाले, "राहू दे. मीच आणतो. तू आणलेला नेहमी पाणचट असतो." आणि कातर बाकावरच ठेवून ते कोपऱ्यावर चहा आणायला गेले. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची आणि मास्तरांची जुनी ओळख होती, म्हणजे तिथे त्यांना वेळ लागणार होता.

ते वळले आणि इकडून टक्कलवाले साहेब आत आले. मागून कुरळे केस, चपला फटफटवत. साहेब एक शब्द न बोलता सरळ खुर्चीत बसले, डोकं मागे टेकवलं आणि म्हणाले, "दाढी."

अण्णांना पळायला जागा नव्हती. शिवाय, कुणी काही म्हणो, दाढी मागणाऱ्या माणसाला परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पांढरा कपडा झटकला, साहेबांच्या गळ्याभोवती बांधला, ब्रश ओला केला. फेस चढू लागला तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. हाताला काम मिळालं की त्यांना नेहमीच बरं वाटे. कुरळ्या केसांनी बाकावरचं वर्तमानपत्र उचललं आणि आत तोंड घातलं.

"गल्ली शांत आहे तुमची," साहेब म्हणाले.

"हो, शांतच आहे."

"पण गोंगाट फार."

"गोंगाटाचं काही विचारू नका."

वर्तमानपत्र किंचित खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. साहेब आरशात अण्णांकडे बघत होते. अण्णांनी वस्तरा उघडला, चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा ओढला.

साहेब म्हणाले, "माझे केस तसे दाट आहेत, नाही?"

अण्णांनी त्या डोक्याकडे पाहिलं. त्यात वरचा दिवा स्वच्छ दिसत होता. "दाटच आहेत," ते म्हणाले. "मुळं मजबूत दिसतात."

साहेब हसले नाहीत. कानाखालून वस्तरा फिरला, गालावरचा फेस उतरला. वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"समोरचा शिंपी तुमचा जुना मित्र आहे म्हणे."

"हो, जुना."

"मशीन त्याने आदल्या दिवशीच हलवलं."

"हलवलं," अण्णा म्हणाले. वस्तरा दुसऱ्या गालावर होता. आपण आता काय बोललो ते त्यांना गाल संपल्यावर समजलं.

"झाकूनपाकून नेलं असेल."

"हो. चादर होती."

"म्हणजे कुणाला कळू नये म्हणून."

इथे अण्णांना नाही म्हणायचं होतं. नाही, साहेब, मास्तर तसा माणूस नाही, त्याचं काहीतरी कारण असेल, मला ते माहीत नाही कारण मी गाढव आहे आणि मी विचारलं नाही. एवढं सगळं जिभेवर तयार होतं. पण साहेबांनी हनुवटी वर केली होती, गळ्याची घाटी वर-खाली होत होती, आणि वस्तरा तिच्या बरोबर खाली टेकलेला होता. अण्णांचा हात जराही हलला नाही. तो हलू नये म्हणून जीभच वळली.

"तसंच असेल," ते म्हणाले.

"असं कुणी केव्हा करतं? आग लागणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तोच करतो."

अण्णांनी डोळे वर केले ते एवढ्याचसाठी की घाटीवरून नजर काढावी. समोर आरसा होता. आरशात दार दिसत होतं, आणि दारात दोन हातांत चहाचे दोन ग्लास घेऊन मास्तर उभे होते.

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

मास्तर आत आले. दोन्ही ग्लास त्यांनी बाकावर, वर्तमानपत्राशेजारी ठेवले, सांडू न देता. बाकावरची फडक्यात गुंडाळलेली कातर उचलली आणि निघून गेले. कुरळ्या केसांनी ग्लासांकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि कुणीच काही म्हणत नाही असं बघून त्यातला एक उचलला.

अण्णांनी दाढी पूर्ण केली. तुरटी फिरवली, टॉवेलने टिपलं. कुठे एक ओरखडा नव्हता. साहेबांनी गाल चाचपून पाहिला. "हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले.

"हो," अण्णा म्हणाले. साहेब अजून खुर्चीतच होते.

ते दोघे गेल्यावर अण्णांनी शटर ओढलं. या खेपेला बाहेरून. मास्तरांचं घर मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना त्यांनी काय बोलायचं ते जुळवलं होतं, पण दार वहिनींनी उघडलं आणि त्यांच्या मागे, खिडकीपाशी, उजेडात, ते मशीन होतं. तीच चादर घडी करून स्टुलावर बसायला घेतली होती. मशीनवर कुणाच्यातरी सदऱ्याची बाही होती आणि वहिनींच्या बोटात सुई. पलीकडे कॉटवर मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

अण्णा मशीनकडे बघत राहिले.

"या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "बसा. आता लपवून काय करायचंय." त्या पुन्हा स्टुलावर बसल्या आणि काज पुरं करता करता बोलू लागल्या, कारण मान खाली घालून बोलणं सोपं जात असावं. "यांना वर्षभरापासून धड दिसत नाही. कापायला बसले तर हाताच्या सवयीवर कापतात, पण दोरा ओवता येत नाही, शिवण सुटते. मग रोज पिशवीत घालून घरी आणतात आणि मी शिवते. घरचं मशीन बिघडलं त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी कपडे द्यायचे होते, म्हणून दुकानातलं आणलं."

अण्णांनी नकळत स्वतःच्या सदऱ्याच्या काजांना हात लावला. दोनेक महिन्यांपूर्वीच त्यांनी मास्तरांना म्हटलं होतं, "म्हातारपणी हात सुधारला की रे तुझा. अशी काजं तू जन्मात केली नव्हतीस." मास्तर तेव्हा दिवसभर बोलले नव्हते. अण्णांना वाटलं होतं, 'म्हातारपण' झोंबलं.

"त्या लोकांना मी सांगितलं होतं," मास्तर भिंतीला म्हणाले. "मशीन घरी आहे म्हणून. येऊन बघूनही गेले. का आणलं ते तेवढं सांगितलं नाही. न दिसणाऱ्या शिंप्याकडे कापड कोण टाकेल?"

"मला तरी सांगायचंस," अण्णा म्हणाले.

"तू तरी विचारायचंस."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनींनी दोरा दातांनी तोडला.

"मास्तर, ते खुर्चीत बसले होते रे. तुला माहीत आहे, खुर्चीतल्या माणसाला मी..."

"माहीत आहे. इतकी वर्षं बाकावर बसून तेच तर ऐकतोय." मास्तरांनी पहिल्यांदा मान वळवली. डोळे बारीक केले. आता अण्णांना त्याचा अर्थ कळत होता, आणि तो कळून काही उपयोग नव्हता. "पण समोर आरसा होता, अण्ण्या. शेवटचं तू मला बघून म्हणालास."

अण्णा दाराकडे वळले. काहीतरी नेहमीसारखं बोलावं म्हणून म्हणाले, "दाढी राहिलीय तुझी. उद्या ये."

"वाढू दे," मास्तर म्हणाले.

तिथून अण्णा जवळजवळ धावत लॉजवर गेले. खुर्चीत बोललो ते सगळं मागे घ्यायचं, उभ्याने, रस्त्यावरच्या आवाजात सांगायचं की मास्तर निर्दोष आहे. लॉजच्या मॅनेजरने सांगितलं, ते दोघे दुपारच्या गाडीने गेले. पोट बिघडलेल्या साहेबांनी जाताना जेवणाबद्दल दोन शब्द सुनावले होते, ते मॅनेजर अण्णांना ऐकवू लागला. अण्णा ऐकून घेत उभे राहिले.

पुढचे काही महिने त्यांनी जी झोप घेतली तिला झोप म्हणण्यात अर्थ नाही. भरपाई नाकारली गेल्याची बातमी आज येईल, उद्या येईल, असं त्यांना वाटत राही. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कपडा टाकताना त्यांची नजर बाकाकडे जाई. बाकावर आता खरोखरची गिऱ्हाइकं बसत. जागा मोकळी झाली म्हणून काहींना बरंच वाटलं.

मग कळलं की भरपाई मंजूर झाली. आग खांबावरच्या विजेच्या पेटीतून आली होती. त्याच पहाटे त्याच तारेवरची, पण पलीकडच्या वस्तीतली, आणखी दोन दुकानं काळी पडली होती आणि वीज कंपनीने ते कबूल केलं होतं. मास्तरांनी दुकान पुन्हा उघडलं, पण समोर नाही, मागच्या गल्लीत, घराखाली. तिथे वहिनी उघडपणे मशीनवर बसतात. मास्तर पुढे टेबलापाशी कापतात आणि गिऱ्हाइकांना नावं ठेवतात. शिवण बाई करते हे लोकांना कळलं तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. उलट ब्लाऊज शिवायला येणाऱ्यांची रांग लागली. ज्या गोष्टीसाठी चादर खोचली होती ती गोष्ट कुणी दोन दिवसही चघळली नाही.

अण्णा एकदा कापड घेऊन गेले होते. मास्तरांनी माप घेतलं, आकडे वहिनींना सांगितले, तारीख दिली. 'अण्ण्या' म्हणाले नाहीत. "झालं," म्हणाले. सदरा वेळेवर मिळाला आणि अंगात बरोबर बसला.

मास्तर हल्ली केस बसस्टँडजवळच्या कुणाकडे तरी कापून घेतात. अण्णांना ते अधूनमधून रस्त्यात पाठमोरे दिसतात. मानेवरची रेघ दर खेपेला वाकडी असते, डावीकडे चढलेली. अण्णांचा हात आपोआप खिशाकडे जातो. कातर खिशात नसते. रेघ महिन्याभरात भरून निघते, मास्तर पुन्हा तिथेच जातात, ती पुन्हा वाकडी होते. धार लावणारा आता दोन गल्ल्यांत दोनदा थांबतो आणि कुरकुरतो.

परवा कुरळे केस आले. दुसऱ्या कुठल्यातरी तपासासाठी गावावरून चालले होते, गाडीला वेळ होता, म्हणून केस कापायला आले. ते खुर्चीकडे वळले तसे अण्णा आडवे आले.

"बसू नका. आधी एक ऐका."

"काय झालं?"

"त्या दिवशी मी साहेबांना जे बोललो, ते खरं नव्हतं. मास्तरला काही ठाऊक नव्हतं. मशीन त्याने घरच्या कामासाठी नेलं होतं. मी खुर्चीत कुणालाच नाही म्हणत नाही. ते तुमच्या कागदात तसंच राहिलं असेल तर खोडा. भरपाई मिळाली हे मला माहीत आहे. तरी खोडा. मला सही करायला सांगा, मी करतो." एवढं सगळं ते एका दमात बोलले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपले हात जोडलेले आहेत.

कुरळ्या केसांना थोडा वेळ काही आठवेना. मग आठवलं, आणि ते हसले. वाईट हसले नाहीत, एखाद्या जुन्या सहलीची गंमत आठवावी तसे हसले.

"अहो, तो जबाब आम्ही घेतलाच नव्हता," ते म्हणाले. "साहेब बाहेर पडल्या पडल्या म्हणाले, या माणसाने माझे केस दाट आहेत म्हणून सांगितलं, याचं काय लिहून घ्यायचं? साहेब मुद्दामच बघत होते. तुम्ही 'दाटच आहेत' म्हणालात तिथेच त्यांनी सोडून दिलं होतं. पुढचं ते आपलं दाढी होईपर्यंत बोलत होते."

अण्णांनी खुर्ची मोकळी केली. कुरळे केस बसले. कपडा बांधता बांधता अण्णांनी विचारलं, "मग माझ्या नावापुढे काय लिहिलंत?"

"काही नाही. शेजाऱ्यांची चौकशी केली असं दाखवावं लागतं. तिथे साहेबांनी लिहिलं, दुकान बंद होतं."